अमेरिकन कॉलेजात टेनिसची स्कॉलरशिप: तयारी नववीपासून

पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात असताना २००७ आणि २००८ मध्ये लागोपाठ अमेरिकेचा कॉलेज विजेता ठरला. तेव्हापासून कोर्टाबाहेरच्या बाकावरच्या आईबाबांत हा विषय निघतोच. पण तिकडचा कोच आपल्या मुलाला शोधत येईल, ही आशा सोडा. दार आपणच ठोठवायचं असतं.

आधी मार्क. हो, बॅकहँडच्याही आधी. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात खेळायला नववी ते बारावीत इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं अशा विषयांचे १६ कोर्स लागतात आणि त्यांत किमान २.३ जीपीए (चारपैकी मोजलेली मार्कांची सरासरी). स्पर्धांच्या नादात नववीचं वर्ष कसंबसं ढकललं, तर ते पुढे भरून काढणं अवघड जातं. दहावीच्या सुमारास एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवा.

मग यूटीआर, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा जगभर चालणारा आकडा. कॉलेजच्या लढतीत एकेरीचे सहा सामने असतात. आवडलेल्या कॉलेजच्या पाचव्या-सहाव्या खेळाडूचा यूटीआर काढा आणि मुलाच्या आकड्याशेजारी लिहा. फरक मोठा असेल तर ते नाव खोडा. ही वही एकदा भरली की स्वप्नं आपोआप जागेवर येतात.

व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा पुरे. कॅमेरा बेसलाइनच्या मागे, उंचावर, एकाच जागी. गाणी, स्लो-मोशन, उडती अक्षरं नकोत. सर्व्हिसपासून शेवटच्या फटक्यापर्यंत पूर्ण पॉइंट दाखवा, हरलेले दोन-चारही राहू द्या. पॉइंट गेल्यावर पोरगा रॅकेट आपटतो की पुढच्या सर्व्हिसला वळतो, हेही कोच पाहतात.

ईमेल मुलानेच लिहायचा. ‘आमचा चिरंजीव फार मेहनती आहे’ असं बाबांनी लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं. बारावी कधी संपणार, यूटीआर, मार्क, व्हिडिओची लिंक आणि हेच कॉलेज का, एवढं दहा ओळींत बसतं. पहिल्या विभागातले कोच साधारण दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत उत्तर देऊ शकत नाहीत. नियमच तसा आहे. तोवर हिरमुसू नका, निकालांची खबर देत राहा. आणि बारावीनंतर ‘एक वर्ष नुसतं टेनिस खेळू’ म्हणण्याआधी नियम वाचा, कॉलेजात खेळण्याचं एखादं वर्ष कापलं जाऊ शकतं.

आता पैसा. तिसऱ्या विभागातली कॉलेजं आणि हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथे मदत मिळते ती घरची ऐपत पाहून किंवा, तिसऱ्या विभागात, मार्कांवरही. इतर ठिकाणीही सगळा खर्च क्वचितच मिळतो. पुरुषांच्या अख्ख्या संघाला पूर्वी साडेचारच स्कॉलरशिप असायच्या. २०२५ पासून बऱ्याच मोठ्या कॉलेजांत ही मर्यादा जाऊन संघात दहाच खेळाडू असा नियम आला. म्हणजे पैसे वाढू शकतात, जागा मात्र मोजक्या.

टक्क्यांना भुलू नका. ८० हजार डॉलर खर्चाच्या कॉलेजने ६० टक्के दिले तरी घरून ३२ हजार जातात. ४५ हजारांच्या कॉलेजने ४० टक्केच दिले तरी २७ हजारांत भागतं. टक्के फक्त फीचे की राहण्याजेवणाचेही, हमी एका वर्षाची की चार, खांदा दुखावला तर काय, हे लेखी घ्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॉलेजबाहेर नोकरी करून तूट भरून काढता येत नाही.

‘शंभर टक्के गॅरंटी’ देणारा एजंट भेटला, तर चहा पाजून वाटेला लावा.