जुना रंगीत फोटो लालभडक पडला असेल तर : माझा अनुभव

गोकाकच्या झुलत्या पुलावर आत्या उभी, मागे घटप्रभेचा धबधबा. अल्बममधली ही प्रिंट पार लाल झाली होती. पाणी नि आभाळ वेगळं कळतच नव्हतं. मोबाईल अ‍ॅपचं ऑटो, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, सगळं करून आत्याचा चेहरा विटेच्या रंगाचाच राहिला. अक्षरशः वैताग आला.

कारण रंगद्रव्यात आहे. अंधारात ठेवलेल्या जुन्या प्रिंटमधला निळसर म्हणजे सायन रंग बहुधा आधी उडतो. लाल प्रकाश अडवायचं काम सायनचंच, म्हणून स्कॅनचा रेड चॅनल (चित्रातला फक्त लाल प्रकाशाचा भाग) फिकट आणि सपाट येतो, तपशील ग्रीनमध्ये टिकून असतो.

जिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये हा क्रम लागू पडला. आधी ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन, टिफ फाईल, स्कॅनरची ऑटो दुरुस्ती बंद. मग ‘लेव्हल्स’ (उजेड-अंधाराचा आलेख दाखवणारी खिडकी) उघडून रेड, ग्रीन, ब्लू एकेक निवडायचे आणि दोन्ही टोकांचे त्रिकोण आलेख जिथे सुरू होतो व संपतो तिथे आणायचे. रेडमध्ये काळा त्रिकोण बराच आत येतो, घाबरू नका. नंतर लेयरची म्हणजे चित्राच्या थराची नक्कल, तिच्यावर ‘मोनो मिक्सर’ (चित्र कृष्णधवल करणारं साधन): ग्रीन १, बाकी दोन्ही ०. त्या लेयरचा मोड ‘ल्युमिनन्स’, म्हणजे उजेड-अंधार या लेयरचा आणि रंग खालच्या लेयरचे.

इथेच पुलाच्या तारा आणि आत्याच्या लुगड्याचे काठ उमटले! रंग फारच डागाळलेले वाटले तर खालच्या लेयरचं सॅच्युरेशन निम्म्यावर आणा. मला तो फिका, हाताने रंगवल्यासारखा फोटोच जास्त आवडला.

भिंतीवर उन्हात राहिलेल्या फोटोत मात्र मॅजेंटा (गडद गुलाबी) उडालेला असू शकतो. तिथे तिन्ही चॅनल डोळ्यांनी पाहूनच स्वच्छ तो निवडा.