कालावल खाडीचे आरोग्य: डोंगरापासून मुखापर्यंत करावयाची कामे

सह्याद्रीतून निघालेली गड नदी कणकवलीच्या परिसरात जानवलीचे पाणी सोबत घेऊन पश्चिमेकडे येते, मसुऱ्याच्या भागात भरतगडाच्या आसपास भरती-ओहोटीच्या टापूत शिरते आणि हडी, रेवंडी, तोंडवळी या गावांच्या कडेने वळत तळाशील आणि सर्जेकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते. या शेवटच्या टप्प्याला आपण कालावलची खाडी म्हणतो. तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) कमी झाल्या, विहिरी मचूळ झाल्या, काठचे माड पाण्यात गेले, अशा तक्रारी याच टप्प्यात ऐकू येतात, आणि म्हणून सुधारणेची कामेही बहुधा याच टप्प्यात हाती घेतली जातात. वास्तविक काठावर दिसणारा बिघाड बऱ्याच वेळा वरच्या गावांतून, पाण्याबरोबर आणि मातीबरोबर आलेला असतो. त्यामुळे कामाचा क्रम डोंगराकडून मुखाकडे असावा आणि रोपे लावण्याचे काम त्यात अगदी शेवटी यावे, या धोरणाने पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. कालावलचे उदाहरण घेतले असले, तरी आचरा, देवगड, कर्ली यांसारख्या कोकणातील इतर खाड्यांनाही यातील बहुतेक भाग लागू पडेल.

पहिले वर्ष पाहणीला द्यावे

ज्यांना लगेच काम दिसायला हवे असते, त्यांना ही सूचना कठीण वाटते, तरीही ती पाळावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा घेऊन त्यावर नदीला मिळणारा प्रत्येक वहाळ आणि पऱ्ह्या (लहानमोठे ओढे) नावानिशी लिहावा. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहता येतात; त्यांवरून काठ कोठे सरकला, कांदळवन (खाऱ्या चिखलातली खारफुटीची झाडे) कोठे वाढले, कोठे तोडले गेले आणि कोणत्या डोंगरावर नव्याने तांबडी माती उघडी पडली, हे बसल्या जागी कळते. त्यानंतर संपूर्ण पाणलोट पायी फिरून पाहावा आणि तोही वर्षातून तीनदा: जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणी सर्वांत कमी असताना. पहिल्या पावसात कोणता वहाळ गढूळ वाहतो आणि कोणता स्वच्छ, ही एकच नोंद पुढच्या अनेक वर्षांच्या कामाची दिशा ठरवून देते.

ही पाहणी एकट्यादुकट्याने करू नये. ओहोटीच्या वेळी कालवे, खुबे आणि तिसऱ्या काढायला जाणाऱ्या स्त्रियांना चिखलाचा पोत कोठे बदलला हे ज्या बारकाईने ठाऊक असते, तसे ते कोणत्याही यंत्राला कळत नाही. पाग (फेकजाळे) टाकणाऱ्या गाबीत मच्छीमार बांधवांना पाण्याची खोली पाठ असते. खाडीतील जुव्यांवर (बेटांवर) राहणाऱ्या कुटुंबांना काठ दरवर्षी किती खचतो हे अंगणातून दिसते. त्यांच्या आठवणी वर्षांसह लिहून घ्याव्यात आणि नकाशावर उतरवाव्यात.

मोजमापासाठी फारशा खर्चाची गरज नाही. मुखाजवळ, मधल्या भागात, भरतीची हद्द संपते तेथे आणि तिच्या वर गोड्या पाण्यात, अशी चार-पाच ठिकाणे कायमची ठरवावीत. हातात मावणाऱ्या क्षारतामापीने पाण्याचा खारेपणा मोजता येतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यावरून आपल्या ठिकाणी गोडे पाणी किती मिसळले आहे याचा अंदाज येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला), पूर्ण भरतीच्या वेळी, असे दोन्ही प्रसंगी मोजावे, कारण एका दिवसाच्या आकड्याला खाडीत काही अर्थ नसतो. पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी 20 सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहावी. विरघळलेला ऑक्सिजन तपासण्याचा संच मिळाल्यास तपासणी सूर्योदयापूर्वी करावी. रात्रभर श्वसन चालू असते आणि प्रकाशसंश्लेषण बंद असते, त्यामुळे त्या वेळी पाण्यातील ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. एका लिटरमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन वारंवार आढळू लागला, तर वरच्या बाजूला सांडपाणी किंवा कुजणारा माल कोठे मिसळतो त्याचा शोध घ्यावा.

डोंगर, सडा आणि वहाळ

कोकणातील पाऊस सरासरीने 3000 मिलिमीटरच्या घरात जातो आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. जांभ्याचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट कातळपठारे, हे पाणी फटींतून आत घेतात आणि उतारावरच्या झऱ्यांतून पुढचे काही महिने हळूहळू सोडतात. मार्च-एप्रिलमध्ये खाडीत जे थोडेफार गोडे पाणी येते ते याच साठ्यातून येते, आणि त्याच्याच बळावर खारे पाणी विहिरींच्या अलीकडे थोपून राहते. सड्यावर झाडे नाहीत म्हणून तो पडीक समजला जातो, हा गैरसमज सर्वप्रथम दूर करावा. चिरेखाणीसाठी, बागेसाठी किंवा बांधकामासाठी सडा फोडण्याचा प्रस्ताव आला, तर त्याच्या खालच्या उतारावर किती झरे आहेत आणि त्यांवर किती घरांचे पाणी अवलंबून आहे, याची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी.

उतारावरची माती धरून ठेवण्यासाठी देशावर यशस्वी ठरलेले समतल चर येथे जसेच्या तसे खोदू नयेत. कमी पावसाच्या प्रदेशात चर पाणी मुरवतात. येथे तीव्र उतारावर जाड मातीच्या थरात अतोनात पाणी मुरले, तर दरड सरकण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी झाडोरा राखावा, वणवा लागू देऊ नये, आणि आंबा-काजूच्या लागवडीसाठी यंत्राने डोंगर पायऱ्यांसारखा कापण्याऐवजी खड्डे घेऊन मधले गवत व झुडपे तशीच ठेवावीत. जेथे माती उघडी करणे अपरिहार्य असेल, तेथे ते काम पाऊस संपल्यावर लगेच सुरू करून उन्हाळ्यापूर्वी पूर्ण करावे आणि उघड्या कडांवर वाळा लावावा. मे महिन्याच्या अखेरीस कापलेला डोंगर जून महिन्यात खाडीत पोहोचलेला असतो. रस्त्याच्या कामातील माती वहाळाच्या पात्रात लोटली जाते, तिच्याकडेही लक्ष ठेवावे.

गावाची देवराई ही या कामातील सर्वांत मोठी ठेव आहे. अनेक देवरायांत बारमाही झरा असतो, आणि तेथे नवे काही करण्यापेक्षा मंदिराच्या जीर्णोद्धारात झाडे आणि झऱ्याचा माथा सुरक्षित राहील एवढे पाहणे पुरेसे ठरते.

पावसाळा संपताच, वहाळांचा जोर ओसरला की, रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारे घालावेत. यात दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे बंधारा उशिरा, वहाळ आटत आल्यावर घातला जातो. दुसरी म्हणजे तो पुढच्या पावसापूर्वी काढला जात नाही आणि प्लॅस्टिकची पोती फाटून तुकडे खाडीत येतात. बंधाऱ्यावरून थोडे पाणी सतत वाहते राहील अशी उंची ठेवावी, कारण सगळे पाणी वर अडवले, तर खाली खारे पाणी आत सरकते.

नदीपात्र, मासे आणि वाळू

जूनच्या पहिल्या पुरात अनेक मासे अंडी घालण्यासाठी वहाळांतून आणि शेतांतून वर चढतात. चढणीचे मासे पकडणे ही आपल्याकडची जुनी आणि आनंदाची चाल आहे आणि ती बंद करावी असे माझे मत नाही. मात्र वहाळाची पूर्ण रुंदी अडवून सापळा लावला, तर त्या वहाळातील पुढची पिढीच थांबते, म्हणून निम्मे पात्र मोकळे ठेवण्याचा नियम वाडीवाडीने स्वतःहून करावा. उन्हाळ्यात कोंडींमध्ये (नदीतल्या खोल डोहांमध्ये) ब्लीचिंग पावडर किंवा विषारी औषध टाकून मासे मारण्याच्या प्रकाराला मात्र कोणतीही सवलत देऊ नये. त्यात माशांबरोबर खेकडे, कोळंबी, पिल्ले आणि किडेही मरतात आणि ती कोंड दीर्घकाळ उजाड राहते. मोऱ्या आणि कॉजवे बांधताना पाइपांचा तळ पात्राच्या पातळीपेक्षा उंच राहिल्यास माशांची वाट बंद होते. नव्या कामाच्या वेळी हे अभियंत्यांना आधीच सांगावे. नदीकाठची शेरणी, करंज, जांभूळ ही झाडे पूर झेलतात आणि काठ धरून ठेवतात, तेव्हा पात्र "साफ" करण्याच्या नावाखाली ती काढू देऊ नयेत.

वाळूचा प्रश्न या खाडीत सर्वांत नाजूक आहे, कारण त्यावर पुष्कळ कुटुंबांची रोजी चालते. नदीने डोंगरातून आणलेली वाळू खाडीत थांबते, मुखातून बाहेर जाते आणि किनाऱ्याला भर घालते. तळाशील-तोंडवळीची समुद्र आणि खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी अशा वाळूवरच उभी आहे. नदी जेवढी वाळू आणते त्यापेक्षा अधिक काढली, तर तळ खोल होतो, काठाचा पायथा सुटतो, माड कलतात आणि खारे पाणी आणखी वर चढते. हातपाटीने, डुबी मारून काढलेली वाळू आणि सक्शन पंपाने ओढलेली वाळू यांत म्हणूनच मोठा फरक करावा लागतो. गावाने ठराविक ठिकाणी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, होडीतून खुणेची काठी टाकून खोली मोजावी आणि काठापासून घरांपर्यंतचे अंतर खुंट्या ठोकून नोंदवावे. वाळूच्या लिलावाच्या वेळी अशा काही वर्षांच्या नोंदी हाताशी असल्या, तर चर्चा पुराव्यावर होते. समुद्राच्या बाजूला वाळूच्या उंचवट्यावर मर्यादवेल असेल, तर ती तुडवू देऊ नये. तिच्या मुळ्या आणि पसरलेल्या फांद्या उडणारी वाळू अडवतात.

सांडपाणी आणि खाजणे

जांभ्याच्या जमिनीत शौचालयाचा खड्डा खोदला, तर मैलापाणी फटींतून थेट झऱ्यात किंवा विहिरीत उतरू शकते. तळ आणि भिंती पक्क्या असलेली टाकी, तिच्यापुढे शोषखड्डा आणि त्यापुढे केळी-अळूचा वाफा, अशी रचना करावी आणि ती पाण्याच्या काठापासून शक्य तेवढी दूर ठेवावी. पर्यटकांसाठी खोल्या बांधणाऱ्यांनी गर्दीच्या दिवसांतील पाण्याचा विचार करून टाकी मोठी घ्यावी. काथ्यासाठी सोडणे (नारळाची सालपटे) कुजत घालण्याची खाचरे खाडीच्या मुख्य प्रवाहापासून वेगळी असावीत. बागांतील फवारणी पावसाच्या तोंडावर करू नये आणि पंप वहाळात धुऊ नयेत.

खाजणाच्या शेतांत (खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीत) भरतीचे पाणी अडवणारा जुना खारबांध फुटला असेल, तर घाई न करता आधी विचार करावा. जेथे शेती करणारे आहेत, तेथे बांध दुरुस्त करून झडप नीट बसवावी आणि खारे पाणी सोसणाऱ्या भातजाती, उदाहरणार्थ पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राच्या जाती, लावाव्यात. जेथे शेती कायमची सुटली आहे आणि भरतीबरोबर कांदळ आपोआप वाढले आहे, तेथे जमीनमालकांशी बोलून ते तसेच राखणे खाडीच्या अधिक हिताचे आहे.

कांदळवन: लावण्यापूर्वी पाणी मोकळे करावे

कोठेही कांदळ लावण्यापूर्वी ते तेथे आपोआप का वाढत नाही, याचे उत्तर शोधावे. पावसाळ्यात कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा आणि तिवराचे बी पाण्यावर तरंगत सगळीकडे जाते. जागा योग्य असेल, तर ते रुजते. रुजत नसेल, तर बहुधा भराव, रस्ता किंवा तुंबलेली मोरी यांनी भरतीचे पाणी अडवलेले असते, गुरे रोपे खात असतात, किंवा ती पातळीच कांदळाला मानवणारी नसते. मोरी मोकळी केली किंवा भरावाला एक वाट पाडून दिली, की दोन-तीन पावसाळ्यांत निसर्ग जे काम करतो ते हजारो रोपांनी होत नाही, म्हणून निधी हाती असल्यास तो आधी येथे खर्च करावा. अशा वाटा काढण्यापूर्वी मागच्या बाजूला भातशेती किंवा विहिरी नाहीत ना, हे मात्र पाहावे.

लागवड करायचीच असेल, तर पातळी हा मुख्य मुद्दा आहे. जवळच्या चांगल्या कांदळवनात, एकाच दिवसाच्या भरतीत, पाणी झाडाच्या बुंध्याशी किती वाजता पोहोचते आणि किती वाजता उतरते ते लिहावे. आपल्या जागेतही साधारण त्याच वेळा आल्या पाहिजेत. गवंड्याकडील पाण्याच्या पारदर्शक नळीने दोन जागांची उंची ताडून पाहता येते. प्रवाहाच्या कडेच्या मऊ चिखलात कांदळ आणि चिप्पी, आणि थोड्या उंच व कडक जमिनीत तिवर, अशी नैसर्गिक मांडणी आसपास दिसेल तशी ठेवावी. शेंग झाडावरून ओरबाडू नये. हलक्या स्पर्शाने सुटते ती पिकलेली असते. तिचा खालचा सुमारे एक तृतीयांश भाग चिखलात खोचावा आणि दोन शेंगांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या मोकळ्या चिखलावर लागवड करू नये. तो रिकामा दिसतो, पण तिसऱ्या तेथेच असतात आणि हिवाळ्यात येणारे पाणपक्षी तेथेच चरतात.

लागवडीनंतर प्रत्येक उधाणानंतर रोपांना अडकलेले प्लॅस्टिक, तुटलेली जाळी आणि शेवाळ काढणे हे खरे काम असते. ते कोण करणार हे ठरले नसेल, तर लागवडीचा कार्यक्रम पुढे ढकलावा.

परवानग्या आणि नोंदी

महाराष्ट्रात 2012 पासून वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर व त्यांच्याभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यातील बांधकामावर बंदी घातली आहे. म्हणून चांगल्या हेतूने केलेल्या कामालाही वन विभागाची आणि महसूल खात्याची लेखी संमती आधी घ्यावी. भराव किंवा तोड दिसल्यास तारीख, वेळ, स्थानाचे अक्षांश-रेखांश आणि छायाचित्रे जोडून तहसीलदारांकडे व वन विभागाकडे एकाच वेळी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. खाडी अनेक गावांची असल्यामुळे वरच्या आणि खालच्या गावांतील या समित्यांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावे: एकदा मे महिन्यात, डोंगरावरची उघडी माती आणि काढावयाचे बंधारे पाहण्यासाठी, आणि एकदा ऑक्टोबरात, पावसाळ्यात झालेली धूप, वाढलेली रोपे आणि मोजलेली खोली एका वहीत उतरवण्यासाठी. या वहीच्या दोन प्रती कराव्यात आणि एक प्रत वरच्या, तर एक खालच्या गावाच्या ग्रामपंचायतीत ठेवावी.