आई-बाळ वर्ग आणि खेळगट: या चुका टाळा

गेली २२ वर्षं मी दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांचा खेळगट घेते. त्याहून लहान, नुकत्याच बसू लागलेल्या बाळांसाठी आठवड्यातून दोनदा, एकेक तासाचा आई-बाळ वर्ग असतो. या वर्गांचा उपयोग होतो, हे मी रोज डोळ्यांनी बघते. मूल आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून पाणी पितं, शेजारचं बाळ रडलं की खेळ थांबवून त्याच्याकडे बघतं, गाण्यातला शेवटचा शब्द एक दिवस आपणहून पुरा करतं. पण दर जूनमध्ये त्याच त्या चुका दाराशी येतात. बहुतेक चुका घाईतून झालेल्या असतात आणि त्या निस्तरण्यात मुलाचे दोन-तीन महिने जातात.

मुलाची नजर चुकवून निघून जाणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी सव्वादोन वर्षांचा एक मुलगा आजोबांबरोबर यायचा. पहिल्याच दिवशी तो ठोकळ्यांत रमला. आजोबांनी मला खूण केली, मी मान हलवली आणि ते हळूच जिना उतरले. पाचेक मिनिटांनी त्यानं मागे वळून बघितलं. लगेच रडला नाही. उठला, चपलांच्या मांडणीपाशी गेला आणि आजोबांच्या चपला होत्या त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून उभा राहिला. मग रडू फुटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दाराकडे पाठ केली नाही. दप्तर पाठीवरून काढू द्यायचा नाही, डबाही तसाच खायचा. घरी आजोबा अंघोळीला गेले तरी मोरीच्या दाराशी बसून राहायचा. ते दप्तर खाली ठेवायला ११ दिवस लागले. त्या दिवशी मी मान हलवायला नको होती. तेव्हापासून माझ्याकडे मुलाला न सांगता कुणालाही निघता येत नाही.

ही भीती साधारण आठव्या-नवव्या महिन्यात सुरू होते आणि पुढचं वर्षभर तरी जोरात असते. डोळ्यांआड झालेलं माणूस परत येतं, हा भरवसा मुलाच्या मनात त्याच काळात बसत असतो. सांगून गेलात तर मूल रडेल, पण दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक मुलं खेळाला लागतात. न सांगता गेलात तर ते पहाऱ्यावर बसतं, आणि पहाऱ्यावर बसलेलं मूल काही शिकत नाही.

आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. तेच म्हणा, मुलाच्या डोळ्यांत बघून, आणि एकदाच. ‘चॉकलेट आणायला जाते’ असली थाप मारू नका. दोन वर्षांच्या मुलाला ‘बारा वाजता’ कळत नाही, पण ‘डबा खाल्ला, गाणी झाली, की मी दाराशी’ हे पक्कं कळतं. मग गाणी संपायच्या आधी खरोखर दाराशी या. पहिले तीन दिवस आईनं खोलीतच कोपऱ्यात बसावं, चौथ्या दिवशी १० मिनिटं बाहेर जावं, नंतर वेळ वाढवावी. आईची वापरलेली, न धुतलेली ओढणी दप्तरात ठेवली तर फार उपयोग होतो. ‘आमच्याकडे एवढा वेळ नाही’ म्हणणाऱ्यांना मी ऑगस्टमध्ये प्रवेश घ्या असं सांगते. तो वेळ वाचवायला गेलं की दुप्पट जातो, हे मी फार वेळा पाहिलंय.

‘लिहायला कधी शिकवणार?’

पावणेतीन वर्षांची एक मुलगी होती. घरी रोज संध्याकाळी तिचा हात धरून पानभर उभ्या रेघा काढून घेत. माझ्याकडे रंगीत खडूंचा डबा उघडला की ती दोन्ही हात फ्रॉकखाली लपवायची. बाकीची मुलं फरशीवर रेघोट्या मारायची, ही बघत बसायची. घरचा सराव पूर्ण बंद करायला लावला. खडूही दाखवला नाही. दीड महिना तिनं फक्त कणीक मळली, स्पंजनं एका वाटीतलं पाणी दुसरीत पिळलं, जुनी वर्तमानपत्रं फाडली आणि मटार सोलले. गणपतीच्या सुट्टीनंतर एका सकाळी ओल्या फरशीवर तिनं बोटानं गोल काढला आणि मला हाताला धरून दाखवायला नेलं.

या वयात बोटांत पेन्सिल पेलण्याची ताकदच नसते. मूठ, मनगट, मग चिमूट, असा हात तयार होतो, आणि तो स्वयंपाकघरात सगळ्यात चांगला तयार होतो. महाराष्ट्रात तरी हे नव्यानं सांगायची वेळ येऊ नये. बालशिक्षणाचं काम उभं करणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. पुढे १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हेच त्यांचं साहित्य होतं. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला त्याच कामातून मिळाला. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण धरली आहेत. तरी अडीच वर्षांच्या मुलाला वही विकत घेणारे पालक दर वर्षी भेटतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं.

आईनं मागे बसून फोन बघणं

दीड वर्षाखालच्या वर्गात शिकायचं आईनं असतं. बाळानं ‘बू’ केलं, तुम्ही ‘हो, भूभू!’ म्हणालात, ते हसलं, तुम्ही परत बोललात. हाकेला ओ देण्याचा हा खेळ म्हणजेच तो वर्ग. माझ्याकडे आठवड्याला दोन तास. बाळ जागं असतं सत्तर तासांहून जास्त. ते तास घरी बोलण्यात गेले नाहीत, तर माझे दोन तास फुकट. बाळाला स्क्रीन दाखवून वर गाण्यांचा वर्ग लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते चार या वयातही दिवसाला एका तासाच्या आतच.

आणखी काही, थोडक्यात

झोपेच्या वेळेचा वर्ग घेऊ नका, कितीही नावाजलेला असला तरी.

‘शेअर कर, शेअर कर’ म्हणून हातातली वस्तू ओढू नका. दोन वर्षांची मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. मी सगळ्या वस्तू दोन-दोन ठेवते.

घरी मराठी बोलत असाल तर मराठीच बोला, भरपूर बोला. मोडकंतोडकं इंग्रजी बोलून मुलाची इंग्रजी सुधारत नाही, फक्त घरातलं बोलणं कमी होतं.

‘बोलत नाही म्हणून वर्ग लावलाय’ असं कुणी म्हणालं की मी आधी डॉक्टरकडे पाठवते. वर्ष झालं तरी नावाला वळून बघत नाही, सोळा महिने झाले तरी एक शब्द नाही, किंवा दोन वर्षांनंतरही ‘आई ये’सारखे दोन शब्द जोडत नाही, तर कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणत वर्ष घालवू नका. खेळगट हा त्यावरचा उपचार नाही.

आणि डब्यात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका. घशात अडकतात. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, दाण्याचं कूट पोळीत घाला. मी रोज सगळे डबे उघडून बघते, पण सकाळी डबा भरताना तुम्हीही बघा.