कुंडीतला मोगरा: पानांचं झुडूप नको, फुलं हवीत

मोगऱ्याची कळी जुन्या फांदीवर येत नाही, नव्या कोवळ्या फुटव्याच्या टोकाला येते. कुंडीतल्या मोगऱ्याला नुसतीच हिरवी पानं येत असतील, तर बहुतेक वेळा चूक इथेच असते. झाड टवटवीत दिसतं म्हणून कात्री लावायला जीव होत नाही, आणि छाटणी नाही म्हणून नवी फूट नाही. ऊन, पाणी, खत, छाटणी हे सगळं एकाच हिशेबाने करायचं: नवी फूट यावी आणि तिला कळी धरण्याइतकं बळ मिळावं.

आधी उन्हाचं बघा. रोज ५ ते ६ तास थेट ऊन हवं. काचेआडचा उजेड चालत नाही. बाल्कनी निवडताना एक गोष्ट हमखास निसटते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि पुढे जुलैच्या अखेरीपर्यंत थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे डिसेंबरात उन्हाने भरून जाणारी दक्षिणेची बाल्कनी एप्रिल-मेमध्ये वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते, तीही नेमकी बहराच्या दिवसांत. म्हणून मोगऱ्यासाठी पश्चिमेची किंवा पूर्वेची बाल्कनी बरी. दक्षिणेचीच असेल तर कुंडी स्टँडवर चढवून अगदी ग्रिलला लावून ठेवा. गच्ची सगळ्यांत उत्तम.

रोप शक्यतो एप्रिल-मेमध्ये, फुलं किंवा कळ्या दिसत असताना घ्या, म्हणजे जात कोणती ते डोळ्यांनी कळतं. एकेरी मोगरा आणि लांबट, टोकदार पाकळ्यांचा मदनबाण कुंडीत सहज फुलतात. हजारी मोगऱ्याला घोस येतात. गच्च पाकळ्यांचा बटमोगरा देखणा खरा, पण फुलं मोजकीच देतो. पहिलंच झाड असेल तर तो नको.

कुंडी १२ इंच व्यासाची आणि तेवढीच खोल घ्या. तळाला करंगळी जाईल एवढी ३-४ भोकं हवीत. प्रत्येक भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवला की पुरे, खडीचा थर घालून मुळांची जागा घालवू नका. मिश्रणात २ भाग लाल किंवा पोयट्याची माती, १ भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, १ भाग कोकोपीट किंवा जाडी वाळू, आणि २ मुठी निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती कुंडीत घालू नका. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की कडेने भेगा पडतात. मग घातलेलं पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात.

नर्सरीतल्या पिशवीत अनेकदा चिकट मातीचा दगडासारखा गोळा असतो. तो तसाच पुरला तर भोवतालची माती ओली आणि गोळा आतून कोरडा, अशी गत होते. गोळा १०-१५ मिनिटं बादलीत भिजवा, कडेची माती बोटांनी हलकेच मोकळी करा आणि मग लावा. वर दीड इंच जागा रिकामी सोडा. नवं रोप ४-५ दिवस सावलीत ठेवून मग उन्हात न्या.

आता छाटणी, कारण खरा बहर तीच ठरवते. वेळ जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्याआधी ४-५ दिवस पाणी तोडा. पानं किंचित मलूल झाली की थांबा, पूर्ण सुकू देऊ नका. मग सगळ्या फांद्या मातीपासून ९ ते १२ इंचांवर, पेराच्या जरा वर, धारदार कात्रीने कापा. वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि आत वळलेल्या फांद्या बुडातून काढा. उरलेली जुनी पानंही हाताने खुडून टाका. झाड उघडंबोडकं दिसेल, घाबरू नका. वरची २ इंच माती खरवडून काढा, तिथे तेवढंच शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा घाला आणि तळातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या. २-३ आठवड्यांत पेरापेरांतून लालसर-हिरवे फुटवे निघतात आणि मार्चमध्ये कळ्या दिसू लागतात. दर दोन वर्षांनी याच वेळी झाड कुंडीतून काढून मुळांचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कापा आणि माती बदला.

पहिला बहर ओसरला की थांबायचं नाही. मोगऱ्याच्या झुपक्यात बहुधा ३ कळ्या असतात आणि मधली आधी उमलते, म्हणून बाजूच्या दोन्ही उमलेपर्यंत फांदी कापू नका. त्यानंतर झुपका खालच्या दोन पानजोड्यांसकट कापा. तिथून नवी फूट येते आणि ३-४ आठवड्यांत पुन्हा कळ्या. हे जूनपर्यंत चालू ठेवा.

खत देताना नत्राचा हात आखडता ठेवा, नाहीतर लांबलचक हिरव्या फांद्या सुटतात आणि कळी नाही. शेंगदाणा पेंड १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात ३-४ दिवस झाकून भिजवा, गाळा, दसपट पाणी घाला आणि दर १५ दिवसांनी कुंडीला अर्धा लिटर द्या. बाल्कनीत वास नको असेल तर ०:५२:३४ (नत्र शून्य, स्फुरद ५२ आणि पालाश ३४ टक्के) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, फुटवे बोटभर झाले की पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा.

पाणी उन्हाळ्यात रोज सकाळी, साधारण दीड-दोन लिटर. इतर दिवसांत बोटाचं एक पेर मातीत घालून कोरडं लागलं तरच. कळ्या धरल्यावर माती एकदा जरी कडक वाळली तरी कळ्या गळतात. गच्चीवर काळी प्लास्टिकची कुंडी तापून मुळं भाजतात, तेव्हा कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा. सावली कुंडीला हवी, झाडाला नाही. पावसाळ्यात खालची ताटली काढून ठेवा.

पानं पिवळी पडली की लगेच खत घालू नका, आधी कोणती पानं ते बघा. खालची जुनी पानं पिवळी आणि माती सतत ओली असेल, तर पाणी तुंबलं आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. बोअरच्या जड पाण्याने असं फार होतं. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला २ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा आणि दहा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग राहतात.

कळ्यांना भोक, जाळ्याने एकमेकींना चिकटलेल्या कळ्या म्हणजे आत अळी आहे. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका, कुंडीत पाडू नका. नंतर कडुनिंबाचं तेल ५ मिली, थोडा पातळ साबण आणि एक लिटर पाणी हे मिश्रण दर ७ दिवसांनी, संध्याकाळी फवारा. एप्रिल-मेच्या कोरड्या उकाड्यात पानं धुरकट होऊन खाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा २-३ दिवसाआड मारला की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. गंधक वापरायचंच तर तेल फवारल्यावर किमान दोन आठवडे थांबा आणि कडक उन्हाच्या दिवसांत टाळा.

नवी रोपं जून-जुलैत करा. धड कोवळी नाही, धड जून नाही अशी ५-६ इंचांची, ३-४ पेरांची फांदी पेराच्या अगदी खाली कापा, खालची पानं काढा आणि वाळू-कोकोपीट समभाग भरलेल्या पिशवीत दोन पेरं आत जातील अशी खोचा. पाऊस थेट लागणार नाही अशा सावलीत ठेवा. ४-६ आठवड्यांत मुळं धरतात. या रोपांच्या पहिल्या कळ्या खुडून शेंडेही मोडत राहा, म्हणजे पुढच्या जानेवारीत छाटायला पुरेशा फांद्या असतील.