मेजर ठरत नसेल, तर आधी मायनर नीट निवडा

बारावी झाली, पण पुढे कोणता विषय घ्यायचा हे ज्यांचं ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत हा प्रश्न बहुतेक वेळा बाबा, आत्या, काका आणि भंवरकुआँवरच्या एखाद्या कोचिंगचा काउन्सेलर असे सगळे मिळून सोडवतात. घरच्यांचा हेतू चांगलाच असतो. काउन्सेलरचं मात्र स्पष्ट सांगते: त्याला तुम्ही कोचिंगची फी भरायला हवे असता. तो तुमचा सल्लागार नाही.

ठरत नाही म्हणजे तुमच्यात काही कमी आहे, असं अजिबात नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत पाहिलेलेही नसतात, आणि फॉर्म मात्र त्यातलाच एक निवडायला सांगतो. जो विषय कधी वाचलाच नाही, त्याबद्दल मन कसं ठरणार? तेव्हा मेजरवरून, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयावरून, स्वतःला छळू नका. जो त्यातल्या त्यात बरा वाटतो तो घ्या.

पण मायनरच्या, म्हणजे दुय्यम विषयाच्या, बाबतीत असं करू नका. मी अडकले ते तिथेच.

मध्य प्रदेशात नवं शिक्षण धोरण २०२१-२२ पासून कॉलेजात लागू झालं. आमची पहिली बॅच. मेजर, मायनर, इलेक्टिव (ऐच्छिक विषय), व्होकेशनल, वर फाउंडेशन, असे रकाने. सगळ्यांचं लक्ष मेजरवर होतं. घरात चर्चा झाली तीही मेजरचीच, आणि इतिहास ठरला. कियॉस्कवर, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, फॉर्म भरताना मायनरच्या जागी समाजशास्त्र आलं, कारण आमच्या आधीच्या मुलीनेही तेच घेतलं होतं. इलेक्टिवमध्ये मानसशास्त्र उरलं होतं, ते आलं. पहिल्या वर्षी एबिंगहाऊसचा विस्मरणाचा आलेख शिकवला आणि मला कळलं, की हेच शिकायचं आहे. पाठ केलेलं किती वेगाने विसरतं हे एक माणूस स्वतःवर प्रयोग करून मोजतो, ही कल्पनाच मला झोपू देईना.

दुसऱ्या वर्षी विषय बदलायला ऑफिसात गेले, तर उत्तर आलं: मानसशास्त्र तुझं मेजर नाही, मायनरही नाही. इलेक्टिवच्या जोरावर काही होत नाही.

मायनर आणि इलेक्टिवच्या वजनात किती फरक असतो, ते नीट समजून घ्या. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा काढला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यातले किमान ६० मेजरचे आणि २४ मायनरचे. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांची लेक्चर्स. म्हणजे मायनर हा ३६० तासांचा विषय आहे, पदवीचा पाचवा हिस्सा. इतर विद्याशाखांच्या विषयांना मात्र सगळे मिळून ९ क्रेडिट, आणि तेही वेगवेगळ्या विषयांत वाटलेले. इलेक्टिवमधून विषयाची फक्त चव कळते, त्यावर हक्क मिळतो तो मायनरमुळे. याच आराखड्यात दुसऱ्या सेमिस्टरनंतर मेजर बदलण्याची सोय आहे, पण आपल्याच व्यापक विद्याशाखेत. आणि एम. ए., एम. एस्सी.साठी युजीसीचा नियम असा, की पदवीला जो विषय मेजर किंवा मायनर होता, त्यात प्रवेशाला तुम्ही पात्र. मायनरही चालतं! मायनरचं महत्त्व मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं, तर माझी पुढची धावपळ वाचली असती. राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन दुसऱ्या विषयातही जाता येतं, पण मग पदवीचा अख्खा अभ्यासक्रम एकट्याने वाचावा लागतो. विद्यापीठांचे आपापले अध्यादेश याहून कडक असू शकतात, म्हणून आपल्या कॉलेजचा नियम छापील वाचा. तोंडी ऐकलेल्यावर राहू नका.

म्हणून माझं म्हणणं असं: मनात दोन विषय घोळत असतील, तर एक मेजरला ठेवा आणि दुसरा मायनरलाच ठेवा, इलेक्टिवला टाकू नका. ‘मार्क सोपे मिळतात’ म्हणून मायनर निवडू नका. मैत्रिणीने घेतलं म्हणून तर नाहीच नाही. मानसशास्त्र, भूगोल यांसारख्या प्रॅक्टिकलच्या विषयांत जागा मोजक्या असतात आणि त्या आधी भरतात, तेव्हा मनात असेल तर पहिल्याच यादीच्या वेळी मागा.

‘आत्ता काहीही घे, पुढे इग्नूतून (दूरस्थ शिक्षणाच्या मुक्त विद्यापीठातून) कर’ हा सल्ला इंदुरात घरोघरी मिळतो. मीही तोच रस्ता धरला. पदवी झाल्यावर २०२४ मध्ये इग्नूच्या एम. ए. मानसशास्त्राला प्रवेश घेतला, तिथे कुठलीही पदवी चालत होती. पुढच्याच वर्षी युजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, आहारशास्त्र अशा आरोग्याशी जोडलेल्या विषयांचं दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण थांबवलं. माझ्या मागून येणाऱ्यांना तो रस्ता उरला नाही. याचा मला अजून त्रास होतो, कारण माझ्याच सांगण्यावरून दोन ज्युनिअर मुली त्या भरवशावर निर्धास्त होत्या.

पाच वर्षांच्या इंटिग्रेटेड कोर्सबद्दलही बोलते. देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या आयआयपीएस या संस्थेत असे कोर्स आहेत, आणि आयआयएम इंदूरचा आयपीएम हा मॅनेजमेंटचा कोर्स २०११ पासून आहे. ज्यांचं ठरलं आहे त्यांना उत्तम. पण ज्यांचं ठरलेलंच नाही, त्यांना ‘एकदा आत गेलास की सुटलास’ म्हणून तिथे ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता सल्ला कोणाला विचारायचा? बहुतेक कॉलेजांत मेंटॉर-मेंटी यादी, म्हणजे कोणता विद्यार्थी कोणत्या शिक्षकाकडे याची यादी, असते; नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनासाठी ती केलेली असते. बऱ्याच ठिकाणी ती फाइलीतच राहते. तुमचं नाव कोणत्या सरांकडे किंवा मॅडमकडे आहे ते शोधा आणि जाऊन भेटा. ‘मी काय घेऊ?’ असं विचारलं की ते स्वतःचाच विषय सांगतील. ‘तुमच्या विषयात तिसऱ्या वर्षी मुलांना सर्वांत जड काय जातं?’ हे विचारा. उत्तर ऐकताना जिथे कुतूहल वाटेल, तिथे थांबा. टॉपरपेक्षा तिसऱ्या वर्षातल्या मधल्या मुलांशी बोला, ते खरं सांगतात. आणि तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस आणि जुने पेपर वाचा. पहिल्या वर्षाचे धडे सगळ्याच विषयांचे गोड असतात.

घाबरलात का? नका घाबरू. यूपीएससी, एमपीपीएससी, एलएल. बी., एमबीए यांना कुठलीही पदवी चालते. कितीतरी एम. ए. कोर्सही विषय बघत नाहीत. काही रस्ते मात्र खरोखर बंद होतात: गणित न शिकता संख्याशास्त्रात एम. एस्सी. होत नाही, आणि बारावीला विज्ञान नसेल तर बी. एस्सी.चा बहुतेक भाग हातचा जातो. एक वर्ष करून सोडावं लागलं तरी क्रेडिट वाया जात नाहीत. त्याच आराखड्यात तीन वर्षांत परत येण्याची आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. घरी कोणी ‘वर्ष गेलं’ म्हणून रडायला लागलं, तर हे त्यांना वाचून दाखवा.

विश्वविद्यालयाच्या विभागांत जायचं तर बऱ्याच कोर्सना सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, संलग्न कॉलेजात जायचं तर राज्य सरकारचं ई-प्रवेश पोर्टल. पोर्टलचा फॉर्म कियॉस्कवर भरत असाल, तर स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या, मायनरचा रकाना मोठ्याने वाचा आणि मगच सबमिट करायला सांगा. पावती घरी आणून पुन्हा तपासा. विषय चुकीचा आला असेल तर फोन करत बसू नका. प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. खिडकीवरचे बाबू ‘नंतर या’ म्हणतील, तरी प्रत घेतल्याशिवाय हलू नका.