‘द लॉजर’: मूकपट आणि बोलपट ताडून कसे पाहावेत

‘द लॉजर’ म्हणजे भाडेकरू: दोन्ही चित्रपटांत घरात राहायला आलेल्या भाडेकरूवर खुनी असल्याचा संशय येतो. आधी हिचकॉकचा १९२७चा मूकपट पाहा, मगच जॉन ब्राह्मचा १९४४चा बोलपट. उलट केलंत तर पंचाईत होते: बोलपटात भाडेकरू खरोखरच खुनी आहे, मूकपटात तो निर्दोष ठरतो, आणि तोवरचा संशय हाच मूकपटाचा जीव आहे. माणसं तुरुतुरु चालताना दिसली तर प्रत जास्त वेगाने चालतेय, दुसरी शोधा.

मूकपटातलं वरच्या खोलीतल्या येरझाऱ्यांचं दृश्य संगीत बंद करून दोनदा पाहा. झुंबर हलतं, मग छतच पारदर्शक होतं आणि भाडेकरूची पावलं खालून दिसतात. त्यासाठी जाड काचेची जमीन बनवली होती. आवाज नसतानाही पावलं ऐकू आल्यासारखी वाटतात!

बोलपटात मात्र काही वेळ डोळे मिटून भाडेकरू झालेल्या लेअर्ड क्रेगरचा दबका, मऊ आवाज ऐका.