परीक्षेच्या घडीला प्रार्थना कशी करावी: इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांची रीत

प्रार्थनेला बसले की मन थाऱ्यावर राहत नाही, एरवी न सुचणाऱ्या गोष्टी नेमक्या तेव्हाच सुचतात, जुने अपमान आठवतात, आणि ज्या मोहातून आपण सुटलो असे वाटत होते तोच पुन्हा दारात उभा दिसतो, ही तक्रार पाळकांच्या आणि धर्मगुरूंच्या कानांवर सतत येत असते. तक्रार करणाऱ्याची बहुधा अशी समजूत असते, की आपल्या विश्वासातच काही खोट आहे. मन शांत झाले, मोह ओसरला, की मग आपण नीट प्रार्थना करू. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांनी ही समजूत मानली नाही. सर्वांत कष्टाचे साधन कोणते, असे शिष्यांनी अब्बा (म्हणजे ‘पिता’, वडीलधाऱ्या तपस्व्याची पदवी) अगाथोन यांना विचारले, तेव्हा त्यांनी प्रार्थनेचेच नाव घेतले. इतर कोणत्याही कामात माणसाला कधी ना कधी विसावा मिळतो, प्रार्थनेत मात्र शेवटच्या श्वासापर्यंत झुंजावे लागते, असे त्यांचे सांगणे होते. म्हणून झगडा संपण्याची वाट न पाहता झगड्याच्या मधोमधच प्रार्थना कशी करावी, याची रीत त्यांनी बसवली. हे लोक चटया आणि टोपल्या विणून पोट भरत. त्यांची रीत संसारी, नोकरदार माणसालाही पेलेल अशी आहे, आणि ती येथे त्याच हेतूने सांगितली आहे.

पहिले काम, आलेला विचार ओळखण्याचे. या बाबतीत सर्वांत बारकाईने लिहिणारा तपस्वी म्हणजे इव्हाग्रियस. तो इ. स. 345च्या सुमारास पोंतस प्रांतात जन्मला, कॉन्स्टँटिनोपलमध्ये विद्वान म्हणून नावाजला, 383च्या सुमारास इजिप्तला आला आणि आधी नित्रिया व नंतर केल्लिया या तेथील तपस्व्यांच्या वस्त्यांत राहून 399मध्ये वारला. माणसाला छळणारे विचार त्याने आठ प्रकारांत मांडले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खेद, क्रोध, उबग, लौकिकाची हाव आणि गर्व. पुढे पाश्चात्त्य मंडळीत (चर्चमध्ये) सात प्रमुख पापांची जी यादी रूढ झाली, तिचे मूळ येथे आहे. मात्र इव्हाग्रियस यांना पापे म्हणत नाही, विचार म्हणतो, आणि हा भेद साधकाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. हे विचार आपल्याला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नाही, पण ते मनात मुक्काम करतील की नाही हे आपल्या हाती आहे, असे तो स्पष्ट लिहितो. प्रार्थनेत घाणेरडा किंवा सूडाचा विचार आला म्हणून स्वतःला दोषी ठरवून उठून जाणारे पुष्कळ भाविक असतात. त्यांनी एवढे एक वाक्य जरी मनावर घेतले, तरी त्यांचा अर्धा भार उतरेल.

तेव्हा प्रार्थनेच्या आरंभी थोडा वेळ थांबून स्वतःला विचारावे, की या क्षणी मला कोणत्या विचाराने गाठले आहे? उत्तर मिळाले की ते देवापुढे त्याच नावाने सांगावे. ‘प्रभो, सर्व मोहांपासून मला राख’ अशी मोघम विनंती करण्यापेक्षा ‘प्रभो, सहकाऱ्याची बढती झाली आणि मला मत्सर वाटतो आहे’ असे म्हणणे कठीण जाते, आणि तेच अधिक खरे असते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्रकर्ते देवाजवळ असेच उघडे बोलतात. त्यांची चीड, भीती आणि कुरकुर शास्त्रात जशीच्या तशी ठेवलेली आहे.

आठांपैकी उबगाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण प्रार्थना सुटते ती बहुधा मोठ्या पापामुळे नव्हे, या उबगामुळे. इव्हाग्रियसने त्याचे जे वर्णन केले आहे ते वाचताना हसू येते आणि मग आपलीच ओळख पटते. हा विचार सकाळी दहाच्या सुमारास झडप घालतो आणि दुपारी दोनपर्यंत सोडत नाही. दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे वाटू लागते. तपस्वी खिडकीकडे पाहत राहतो, जेवणाचा तिसरा प्रहर यायला किती अवकाश आहे म्हणून बाहेर येऊन सूर्य न्याहाळतो, कोणी बंधू भेटायला येतो का म्हणून इकडे तिकडे डोकावतो. मग ही जागाच वाईट, हे कामच वाईट, बंधूंमध्ये प्रेमच उरले नाही, देवाची उपासना काय दुसरीकडे करता येत नाही, असे एकामागून एक सुचत जाते. आज खिडकीची जागा मोबाइलने घेतली आहे, एवढाच फरक. यावर त्यांचा उपाय एकच: ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ सोडायची नाही. प्रार्थना कोरडी जाते आहे, शब्द ओठांवरच विरत आहेत, काहीही ‘जाणवत’ नाही, तरी वेळ पूर्ण करावी आणि मगच उठावे. प्रार्थनेची परीक्षा भावनेने करण्याची सवय आपल्या सभांमधून फार बोकाळली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्यांत पाणी आले म्हणजे प्रार्थना पोहोचली असे मानणारा माणूस पाणी न आलेल्या दिवशी प्रार्थनाच सोडून देतो.

वेळ मात्र झेपेल एवढीच ठरवावी. इजिप्तमधील मठवासी संध्याकाळी आणि रात्री बारा-बारा स्तोत्रे म्हणत, आणि प्रत्येक स्तोत्रानंतर उभ्याने, मुकाट्याने थोडी प्रार्थना करीत. मग ते जमिनीवर पालथे पडत, पण क्षणभरच, कारण जास्त वेळ पडून राहिले की विचार आणि झोप दोन्ही चढाई करतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आपण बारा स्तोत्रांच्या भानगडीत पडू नये. एक स्तोत्र सावकाश, ओठ हलवून वाचावे, मिनिटभर गप्प राहावे, आपल्या शब्दांत दोन वाक्ये बोलावीत आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेने शेवट करावा. दहा मिनिटे पुरतात. झोप येत असेल तर उभे राहावे.

ही झाली बसण्याची प्रार्थना. पण मोह आपण बसलेलो असतानाच येतो असे नाही. तो गर्दीच्या लोकलमध्ये येतो, घरातील भांडणात येतो, रात्री एकटे असताना येतो, आणि तेव्हा स्तोत्र उघडून वाचायला सवड नसते. त्या क्षणासाठी या तपस्व्यांनी लहान, एका ओळीची प्रार्थना वापरली. संत ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेविषयी लिहिलेल्या पत्रात तिचा उल्लेख आहे: इजिप्तमधील बंधू वारंवार प्रार्थना करतात, पण त्या अगदी लहान, फेकलेल्या भाल्यासारख्या असतात, आणि त्या लहान ठेवण्याचे कारण असे, की लांबत गेले की एकाग्रता बोथट होते. अब्बा मकारियस यांना कोणी विचारले, की प्रार्थना कशी करावी? ते म्हणाले, की पुष्कळ बोलण्याची गरज नाही. हात पसरावेत आणि म्हणावे, ‘प्रभो, तुझी इच्छा असेल तशी आणि तुला ठाऊक आहे तशी माझ्यावर दया कर.’ आणि झगडा तीव्र झाला तर फक्त ‘प्रभो, साहाय्य कर’ एवढेच म्हणावे.

यातील सर्वांत पद्धतशीर शिकवण योहान कॅसियनने नोंदवून ठेवली. तो आपला मित्र जर्मानुस याच्यासह चौथ्या शतकाच्या शेवटी इजिप्तमध्ये हिंडला आणि पुढे फ्रान्समधील मार्सेय येथे त्याने तेथील वडीलधाऱ्यांची संभाषणे लिहून काढली. त्यांपैकी अब्बा इसहाक यांनी त्यांना एक गुपित सांगितले: स्तोत्र 70चे पहिले वचन सतत जिभेवर ठेवा. हे देवा, मला सोडव; हे परमेश्वरा, माझ्या साहाय्याला त्वरा कर, असा त्याचा आशय आहे. या एका ओळीत देवाला हाक आहे, आपल्या दुबळेपणाची कबुली आहे, संकटाची जाणीव आहे आणि मदत मिळेल असा भरवसाही आहे, म्हणून ती प्रत्येक प्रसंगाला लागू पडते, असे इसहाक म्हणतात. मग ते एकेक प्रसंग घेतात: जिभेला चटक लागली, झोप उडाली, प्रार्थनेत डुलकी आली, क्रोध उसळला, आणि गंमत म्हणजे, सगळे छान चालले आहे म्हणून मनात फुशारकी शिरू लागली, तरीही हीच ओळ. कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनी रोजच्या प्रहरप्रार्थनेचा आरंभ आजही याच वचनाने करतात.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. प्रभूने मत्तय 6:7 मध्ये निरर्थक बडबड करू नका असे सांगितले असताना एकच ओळ घोळत राहणे योग्य कसे? प्रॉटेस्टंट मंडळींमध्ये वाढलेल्या वाचकाला हे हमखास खटकेल. उत्तर त्याच शुभवर्तमानात आहे. गेथशेमाने बागेत, झगड्याच्या सर्वांत कठीण रात्री, येशूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली तेव्हा तेच शब्द पुन्हा उच्चारले, असे मत्तय 26:44 सांगते. त्याच रात्री त्याने शिष्यांना परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहून प्रार्थना करायला सांगितले. पुष्कळ बोललो म्हणजे देव ऐकेल, या समजुतीला प्रभूचा विरोध आहे. संकटात तोच शब्द पुन्हा काकुळतीने उच्चारण्याला नाही. मोजणी ठेवायची मात्र गरज नाही. किती वेळा म्हटले याचा हिशेब सुरू झाला, की लौकिकाची हाव आलीच.

ओळ निवडताना ती पाठ होईल इतकी लहान आणि शक्यतो शास्त्रातील असावी. जकातदाराची ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना, बुडणाऱ्या पेत्राची ‘प्रभो, मला वाचव’ ही हाक, या दोन्ही उत्तम आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या एखाद्या पदाची ओळ लहानपणापासून ओठांवर बसलेली असेल, तर तीही चालेल. एकदा निवडलेली ओळ दर आठवड्याला बदलू नये. उठल्यावर, जेवणापूर्वी, घराबाहेर पडताना आणि अंथरुणावर पडल्यावर ती म्हणण्याची सवय शांत दिवसांतच लावून घ्यावी, कारण मोहाच्या क्षणी नवे काही सुचत नाही, सवयीचेच आठवते.

काही विचार मात्र नुसत्या हाकेने हटत नाहीत. ते युक्तिवाद करतात. त्यांच्यासाठी इव्हाग्रियसने आठ भागांचा एक संग्रह केला आणि प्रत्येक विचाराला उत्तर म्हणून शास्त्रातील वचने लावून दिली. ती सगळी मिळून पाचशेच्या आसपास आहेत. आधार होता तो अरण्यातील येशूचा, ज्याने सैतानाने घातलेल्या तिन्ही मोहांना बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचनांनीच उत्तर दिले. असा छोटा संग्रह प्रत्येकाने आपल्यापुरता वहीत करावा. मनाला खेदाने घेरले असेल तर स्तोत्र 42:5 घ्यावे, ज्यात स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला खिन्न का झालास म्हणून विचारतो. अशा वेळी आपण आपल्या जिवाचे दोन भाग करावेत, एकाने दुसऱ्याची समजूत घालावी, असे इव्हाग्रियस सुचवतो. पैशाची चिंता असेल तर इब्री 13:5, आणि गर्वासाठी 1 करिंथ 4:7, जिथे पौल विचारतो, की तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे? ही वही स्वतःसाठी आहे. तिच्यातील वचने नवऱ्याला, सुनेला किंवा मंडळीतील प्रतिपक्षाला ऐकवण्याचा मोह झाल्यास तो गर्वाच्या पानावर लिहून ठेवावा.

क्रोधाला वेगळी वागणूक द्यावी लागते, कारण तो प्रार्थनेच्या मुळाशीच घाव घालतो. अन्याय करणाऱ्या बंधूचा सूड म्हणून तू जे जे करशील ते प्रार्थनेच्या वेळी तुला अडखळण होईल, अशी इव्हाग्रियसची ताकीद आहे, आणि मार्क 11:25 मध्ये प्रभूही प्रार्थनेला उभे राहताना क्षमा करा असेच सांगतो. म्हणून ज्याचा राग आहे त्याचे नाव प्रथम घ्यावे आणि त्याच्या भल्यासाठी एक वाक्य बोलावे, मग ते कितीही कोरडे निघो. समेट शक्य असेल तर उठून तो आधी करावा. जिथे मारहाण किंवा छळ चालू आहे, तिथे मात्र क्षमेच्या नावाखाली त्याच घरात राहण्याची सक्ती कोणी कोणावर करू नये.

हातातले काम सोडून दिवसभर प्रार्थनेत बसावे, असे या तपस्व्यांनीही सांगितले नाही. संत अंतोनी एकदा उबगाने आणि विचारांच्या गर्दीने इतके बेजार झाले, की मी काय करू म्हणून त्यांनी देवाला विचारले. बाहेर आले तर त्यांच्यासारखाच एक जण बसून काम करताना दिसला. तो उठे, प्रार्थना करी, पुन्हा बसून दोर वळू लागे, पुन्हा उठे. तो देवदूत होता आणि असेच कर म्हणजे तुझे तारण होईल, असे त्याने सांगितले. गृहिणीला, कारकुनाला, रिक्षाचालकाला हीच चाल सर्वांत सोयीची आहे: काम, मध्येच एक ओळ, पुन्हा काम.

एवढे करूनही झगडा थांबला नाही तर? बुटका योहान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तपस्व्याने आपले सर्व विकार जावेत अशी प्रार्थना केली आणि ते गेलेही. त्याने हे एका वृद्धाला आनंदाने सांगितले, तेव्हा वृद्धाने त्याला झगडा परत मिळावा म्हणून प्रार्थना करायला लावले, कारण झगड्यानेच जीव पुढे जातो. योहानाने तसे केले आणि पुढे झगडा काढून घे असे न म्हणता तो सोसण्याचे बळ दे, एवढेच मागितले. प्रेषित पौलानेही ‘शरीरातील काट्या’विषयी, म्हणजे आपल्या एका सततच्या त्रासाविषयी, तीनदा विनंती केली आणि काटा राहिलाच.

मात्र हे सोसणे एकट्याने करायचे नसते. मनातील विचार वडीलधाऱ्या तपस्व्याजवळ उघड करावेत, लपवलेला विचार बळावतो, ही वाळवंटातील पक्की शिस्त होती. कॅथलिक भाविकाला त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापांची कबुली, आहे. इतरांनी पाळकाजवळ किंवा तोंड बंद ठेवू शकणाऱ्या एखाद्या अनुभवी विश्वासू व्यक्तीजवळ बोलावे. आणि खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप व भूक गेली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तिला उबग समजून प्रार्थना वाढवत बसू नये. डॉक्टरांकडे जावे, औषध घ्यावे आणि प्रार्थनाही चालू ठेवावी.

मोहाला बळी पडल्यावर त्या दिवसाची प्रार्थना टाळण्याकडे माणसाचा कल असतो, कारण तोंड दाखवायची लाज वाटते. त्याच दिवशी, ठरलेल्या वेळीच बसावे. स्तोत्र 51 वाचावे, जे घडले ते त्याच्या नावाने सांगावे, ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई कशी करायची ते ठरवावे आणि नेहमीच्या ओळीवर परत यावे. दुसऱ्या दिवशी वेळ वाढवू नये, कमीही करू नये.